हिवाळ्यात लागलेली उन्हाळी

लघवी लाल झाली तेव्हा मला भीती वाटली नाही, संशय आला. आदल्या दिवशी सरपंचाच्या ओट्यावर चहा घेतला होता. त्याच्या भावानं गायरानात भिंत घातली होती आणि मी त्याला नोटीस काढली होती. चहात काहीतरी गेलं असणार, हे मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. करणी-भानामतीवर माझा विश्वास नाही. छप्पन्न साली वडिलांनी घरातले देव बाहेर काढले, त्यांच्याबरोबर तेही गेलं. पण चहावर माझा विश्वास नव्हता.

मी बोरीचा ग्रामसेवक. गावात मला भाऊसाहेब म्हणतात. या नोकरीत माणूस समोर येऊन बसला की तो काहीतरी लपवायला आलाय असं धरूनच मी पेनाचं टोपण काढायचो. पोरांची जन्मतारीख खोटी, घराची हद्द खोटी, रहिवासी दाखला मागणारा तर बहुतेक वेळा दुसऱ्याच गावचा. बहात्तरच्या दुष्काळात हजेरीपत्रकावर मेलेली माणसं खडी फोडत होती, ती मी नावानिशी पकडली. तेव्हापासून सगळ्या तालुक्यात माझा दरारा झाला आणि घरात माझ्याशी कुणी सरळ बोलेनासं झालं.

हा स्वभाव घेऊनच मी आजारात शिरलो. ज्यांना हाच रोग झालाय त्यांच्यासाठी हे लिहितोय, म्हणून आधीच सांगतो. आज चार वर्षं होत आली, मी चालतोफिरतो, सायकलही मारतो. पण त्या दिवसांत मी जसं वागलो तसं कुणी वागू नये.

*

बायको धुरपता म्हणाली, "उन्हाळी लागली. एवढ्या उन्हाचं सायकलवर हिंडल्यावर काय व्हईल?" वैशाख होता. तिनं धने-जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा भिजवून दिला, खडीसाखर दिली. तीन दिवसांत लघवी निवळली. सरपंचाच्या चहावरचा आळ मी मनातल्या मनात मागे घेतला, थोडासा शिल्लक ठेवून.

दिवाळीनंतर पुन्हा तसंच झालं. कोतवालाला विचारलं तर तोही उन्हाळीच म्हणाला. आमच्याकडे लघवीचं काहीही झालं की त्याला हा एकच शब्द आहे. पण उन्हाळी म्हणजे आग होते, माणूस कळवळतो. मला ना आग होती ना कळ. नुसता रंग. दुखत नाही म्हणजे काळजीचं नाही, असं मी मानलं. माझ्यासारख्या संशयी माणसाला संशय घ्यायला तीच खरी जागा होती आणि तिथंच मी घेतला नाही.

पौषात लघवीतून रक्ताच्या गाठी पडायला लागल्या. आंघोळ करताना डाव्या बरगडीखाली हाताला काहीतरी टणक लागलं. मी ते धुरपताला सांगितलं.

"हिवाळ्यात कशाची उन्हाळी?" ती म्हणाली. मग एकदम विचारलं, "जिंतूरला मिटिंगीला जाता, तवा मुक्कामाला कुठं असता तुमी?"

मी म्हणालो, पंचायत समितीच्या खोलीत. ती विषय बदलतेय असं मला वाटलं.

*

परभणीला धुरपताचा धाकटा भाऊ किशन पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून होता. तो मला एका डॉक्टरांकडे घेऊन गेला. दंडाच्या शिरेतून औषध सोडून पोटाचे फोटो काढले. औषध आत गेलं तशी सगळ्या अंगातून ऊब चढली आणि तोंडाला लोखंडाची चव आली.

डॉक्टरांनी फोटो खिडकीसमोर धरले. उजव्या बाजूला मूत्रपिंड स्वच्छ उमटलं होतं, डावीकडे सगळं विस्कटलेलं. डॉक्टरांनी ते पुन्हा पाकिटात घातले, किशनकडे बघून "तुम्ही जरा या" म्हणाले आणि त्याला शेजारच्या खोलीत नेलं. मी उघड्या अंगानं लोखंडी टेबलावर बसून राहिलो. रोगी मी, आणि बोलावणं मेव्हण्याला.

बऱ्याच वेळानं किशन आत आला. त्याचं तोंड ओलं होतं, नुकतं नळाखाली धुतलेलं. "खडा हाय दाजी," तो म्हणाला. "जरा मोठा हाय. औरंगाबादला आपरेशन करावं लागंल."

मुतखड्यासाठी कुणी तोंड धुवून येत नाही. मी ते ध्यानात ठेवलं. बाहेर बाकावर धुरपता बसली होती. किशन तिच्याजवळ जाऊन हळू काहीतरी बोलला, मी आलो तसा गप्प झाला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. हिलाही माहीत आहे, अशी मी मनात नोंद घेतली.

*

औरंगाबादच्या दवाखान्याचं नाव लिहीत नाही. माणसं चांगली होती. पहाटे पाचला ताप बघायची पाऱ्याची नळी तोंडात, मग फिनेलची फरशी, मग पाव आणि दूध, मग डॉक्टरांची फेरी. फेरी आली की सगळे रोगी उशाला टेकून बसायचे, शाळेत साहेब तपासणीला आल्यावर पोरं बसतात तसे. मी रोज डॉक्टरांना एकच प्रश्न विचारायचो, खडा केवढा आहे म्हणून. ते उत्तर द्यायच्या आधी किशनकडे बघायचे.

रक्त लागणार होतं. किशनचं जुळलं नाही. तिसऱ्या दिवशी बोरीहून मन्मथअप्पा आले. त्यांचं बाजारात किराणा दुकान, पंथानं लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. माझ्याशी त्यांचं बोलणं कामापुरतं. आमच्या वस्तीतल्या माणसाला ते पुडा काउंटरवर ठेवून द्यायचे, हातात नाही. कुणीतरी त्यांना सांगितलं, ते एस.टी.नं आले आणि हात पुढे करून झोपले. त्यांचं रक्त माझ्या अंगात गेलं.

मी पडल्या पडल्या विचार करत होतो, यांना काय पाहिजे असेल. धाकट्या मुलाच्या जन्मतारखेचा अर्ज त्यांनी मागे आणला होता, तो मी परत पाठवला होता. बरा होऊन गेलो की अर्ज पुन्हा येणार, याची मला खात्री होती. अर्ज आजपर्यंत आलेला नाही. एकदा धीर करून मीच विषय काढला तर म्हणाले, ते राहू द्या, पोरगं आता नापासच झालंय. पुडा मात्र ते आता हातात देतात.

ऑपरेशन मोठं झालं. डाव्या कुशीतून पाठीपर्यंत कापलं. शुद्धीवर आलो तेव्हा ठसका येईल म्हणून श्वास घ्यायलाही भीती वाटत होती. एक वयस्कर परिचारिका होती, ती खोकला आला की माझ्या जखमेवर उशी दाबून धरायची आणि म्हणायची, आता खोका. त्या बाईचा हात मला अजून आठवतो. सगळ्या दवाखान्यात तिच्या एकटीवरच मी संशय घेतला नाही.

शेजारच्या खाटेवर चारठाण्याचे एक मास्तर होते. त्यांचा खडा काढलेला, आणि तो त्यांनी इंजेक्शनच्या बाटलीत घालून ठेवला होता. भेटायला येईल त्याला दाखवायचे, बाटली हलवून आवाज ऐकवायचे. मी किशनला म्हणालो, माझाही आण. तो म्हणाला, डॉक्टरनं फेकून दिला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, खड्यासंगं सगळा गुर्दाच काढावा लागला, म्हणून खडा येगळा निघाला न्हाई. दोन दिवसांत दोन जबाब. माझ्यापुढं अशी माणसं रोज यायची.

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, दर सहा महिन्यांनी छातीचा फोटो काढून आणायचा. मी विचारलं, खडा पोटात होता, मग फोटो छातीचा कशाला? ते म्हणाले, नियम आहे. नियमाचं नाव कधी घेतात ते मला ठाऊक होतं. मीही तेच करत आलोय.

*

आणि धुरपता. दवाखान्यात तिनं माझा तांब्या वेगळा ठेवला. माझी लघवी ज्या भांड्यात धरायची ते ती उजेडात नेऊन बघायची. परिचारिकेशी कोपऱ्यात कुजबुजायची. घरी आल्यावर तिनं आपलं अंथरूण पोरींच्या खोलीत नेलं, म्हणाली, तुमच्या टाक्यांना धक्का लागंल. टाके सुकले तरी अंथरूण तिकडंच राहिलं. जेवायला वेळेवर द्यायची, औषध द्यायची, पण माझ्या डोळ्यांत बघायची नाही.

मी सगळं एकत्र मांडलं. हिला माहीत आहे, हा रोग वाईट आहे, लागेल म्हणून ही माझ्यापासून लांब झोपते. वीस वर्षांच्या संसारावर मी एवढा निकाल देऊन टाकला. तिच्याशी बोलणं तोडलं. भाकरी जळकी आहे, पाणी कोमट आहे, एवढंच बोलायचो.

*

दवाखान्याचे कागद किशनजवळ होते. चैत्रात तो बोरीला आला, पिशवी खुंटीला अडकवून नदीवर गेला आणि मी पिशवी उघडली. कागद इंग्रजीत होता. एक लांब शब्द दोनदा आला होता आणि त्याच्याखाली कुणीतरी रेघ ओढली होती. मॅट्रिकपर्यंतच्या माझ्या इंग्रजीत तो शब्द नव्हता. विडीच्या कट्ट्याभोवती गुंडाळलेला कागद फाडून त्यावर एकेक अक्षर उतरवून घेतलं.

हायस्कुलात जाडजूड शब्दकोश होता. शाळेच्या घरपट्टीच्या कागदात एक शब्द अडलाय, असं मी हेडमास्तरांना सांगितलं. म्हणजे मीही खोटंच बोललो. ते शेजारी उभे राहून बघायला लागले तेव्हा मी मुद्दाम दुसरंच पान उघडलं. ते गेल्यावर तो शब्द सापडला. अर्थ तीनच शब्दांचा होता.

त्या दिवसाचं लिहिणं मला जमत नाही. वर्गातून पाढ्यांचा आवाज येत होता आणि मला वाटलं, एवढी सगळी पोरं जगणार आहेत. मला मुलांचा राग आला. घरी येताना वाटेत दोनदा बसलो. घरात शिरल्यावर धुरपतानं विचारलं, चेहरा असा काहून झालाय. मी म्हणालो, ऊन लागलं.

मला कळलंय हे मी कुणाला कळू दिलं नाही. ते सगळे मला फसवत होते, आता मी त्यांना फसवणार होतो. यात काय जिंकायचं होतं ते आज मला सांगता येत नाही. रोज आंघोळीला उजवी कूस चाचपायचो. खोकला आला की छातीचा फोटो आठवायचा. ती भीती मी एकट्यानंच सांभाळली.

*

श्रावणात एक तरुण डॉक्टर गावात आले. कुठल्याशा मोठ्या दवाखान्याकडून मूत्रपिंडाच्या रोगांची पाहणी चालली होती, कोणत्या गावात किती, कुणाला, कशामुळं. वालूर झालं, चारठाणा झालं, आता बोरी. चावडीचे पत्रे गळत होते म्हणून दप्तर माझ्या घरी होतं. ते ओसरीवर बसले आणि मृत्यूची नोंदवही मागितली.

नोंदवही माझ्याच अक्षरातली. मरणाचं कारण या रकान्यात कोतवाल जे सांगेल ते मी लिहायचो. ताप. म्हातारपण. पोटशूळ. डॉक्टर बोट फिरवत खाली जात होते आणि मी उलट्या बाजूनं वाचत होतो. एके ठिकाणी उन्हाळी. पुढं दोन पानांवर पुन्हा उन्हाळी. मग तारखांकडे लक्ष गेलं. एक मार्गशीर्षातली, एक पौषातली. लोक थंडीत शेकोटीजवळ मेले होते आणि मी उन्हाळी लिहून खाली सही केली होती. ज्याच्यापुढं कुणाचं खोटं टिकत नाही असा मी, आणि एकालाही विचारलं नव्हतं की आग होत होती का रंग होता. त्यातले किती या रोगाचे होते आणि किती साध्या खड्याचे, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी वही मिटली. "मूत्रपिंडाचा रोग तुमच्या गावात दिसत नाही," ते म्हणाले. आणि फॉर्मवर शून्य मांडायला लागले.

तेवढ्यात धुरपता चहा घेऊन उंबऱ्यात आली. मला ती दिसत होती. शून्य होऊ द्यावं आणि चहा घ्यावा, असं एकदा मनात आलं. पण त्या शून्यात मी गेलो असतो, आणि वहीतली ती माणसंही.

"एक लिहा," मी म्हणालो. "पुरुष. वय चव्वेचाळीस. डावा गुर्दा काढलाय. कॅन्सर."

धुरपतानं दोन्ही कप खाली ठेवले. चहा सांडला नाही. ती तिथंच भिंतीला टेकून बसली.

डॉक्टरांनी नवा फॉर्म काढला आणि प्रश्न सुरू केले. रक्तदाब आहे का, वजन किती होतं, पाणी कुठल्या विहिरीचं, विडी ओढता का. मला ते प्रश्न फौजदारासारखे वाटले. रोगानं मला धरलं तरी गुन्हेगार मीच, असा त्यांचा रोख वाटला. विडी कधीमधी, मी म्हणालो.

"दिवसाला दोन कट्टे," धुरपता म्हणाली. डॉक्टरांनी कधीमधी खोडलं.

"वडील कशानं गेले?"

"उन्हाळीनं," मी सवयीनं म्हणालो. मग मी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे. त्यांनी त्या रकान्यात काही लिहिलं नाही, नुसती प्रश्नाची खूण केली. हा रोग कशामुळं होतो ते नक्की कुणालाच माहीत नाही, ते म्हणाले, म्हणून तर विचारत हिंडतोय. इतक्या महिन्यांत मला सरळ उत्तर देणारा तो पहिला माणूस.

*

डॉक्टर गेले. पोरी शाळेत होत्या. मी धुरपताकडे बघितलं आणि ती आता काय थाप मारते याची वाट बघत राहिलो.

"किशनला ठाव होतं?" तिनं विचारलं.

"हो. तुलाही होतं."

"मला त्यानं खडाच सांगितला. तुमच्यासारखाच." ती जमिनीकडे बघत होती. "तुमाला कवा कळलं?"

"चैत्रात."

तिनं बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "मला वाटलं, परमा हाय."

मला आधी समजलंच नाही. परमा म्हणजे बाहेरख्याली माणसाला होतो तो रोग. ती बोलत राहिली, सगळं पाठ करून ठेवल्यासारखं. "जिंतूरला मुक्काम करायचे तुमी. लघवीतून रगत. किशन आन तुमी दाराआड बोलायलाव. डॉक्टर मला बाहीर बसवायला. बायकोला सांगता येत न्हाई आसं गड्याला दुसरं काय व्हतं? नर्सबाईला इचारलं, तर ती बी काही बोलंना. म्हणून अंथरूण तिकडं नेलं."

सहा महिने मी या बाईचा एकेक पुरावा जमवत होतो, आणि तीही माझा. दोघांचीही तपासणी पक्की होती आणि दोघांचाही निकाल चुकला होता. मला तिचा राग यायला हवा होता. मला लाज वाटली. तिनं मला काय समजलं याची नाही, मी तिला काय समजलो याची.

"कॅन्सर म्हणलाव ना तुमी आत्ता," ती म्हणाली, "तवा आधी मला बरं वाटलं. लय बरं वाटलं." मग तिनं पदर तोंडात कोंबला आणि तिचे खांदे हलायला लागले. मी उठून तिच्याजवळ गेलो. कुणी मला सांगितलेलं नसतानाही म्हणालो की डॉक्टरांनी गाठ सगळी काढली आहे, फोटो स्वच्छ आला तर पुष्कळ वर्षं जातात, रडू नको.

"गप ऱ्हावा," ती म्हणाली. "चैत्रापासून तुमी एकटेच भ्यायलाव. आता जरा मला भिऊ द्या."

मी तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसून राहिलो.